'एशियन'वर खूण केली, मग आपण सुरक्षित ना?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही न्यू जर्सीत आहात, वय ३१, पहिलं बाळंतपण, चौदावा आठवडा. दवाखान्याच्या फॉर्मवर वंशाचा रकाना होता, तिथे 'एशियन'वर खूण केलीत. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका बाळंतपणात गोऱ्या बायकांच्या तिप्पट मरतात आणि आशियाई सगळ्यांत कमी. तुमचे मिस्टर म्हणाले, "हे जेनेटिक असतं, आपण बरे आहोत." पण तुमची डॉक्टर मात्र तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ असताना, निव्वळ तुम्ही भारतीय आहात आणि वडिलांना मधुमेह आहे म्हणून शुगर आत्ताच तपासा म्हणते. मग तुम्ही विचारता: वंशाने फरक पडतो की नाही? पडत असेल तर आपण कुठल्या बाजूला? आणि डॉक्टरने वंश बघून तपासणी सांगणं हा भेदभाव नाही का?

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. शिक्षण मुंबईत, मग इथे पुन्हा पहिल्यापासून रेसिडेन्सी, आणि गेली बावीस वर्षं तुमच्याच राज्यात बाळंतपणं करते आहे. तुमची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे औषध-गोळ्यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरचाच. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत, ते सोडवून दाखवते. एक, वेगवेगळ्या वंशांच्या बायकांचे आकडे इतके वेगळे का येतात. दुसरा, तो आकडा माझ्याबद्दल काय सांगतो. पहिल्याचं उत्तर तुमच्या मिस्टरांना वाटतं तसं नाही. दुसऱ्याचं उत्तर त्यांना वाटतं तितकं सुखाचं नाही.

आधी आकडे. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १८.६ मातामृत्यू झाले. वंशानुसार पाहिलं तर कृष्णवर्णीय स्त्रियांत ५०.३, गोऱ्या स्त्रियांत १४.५, हिस्पॅनिक १२.४ आणि आशियाई १०.७. कोविडच्या २०२१ सालात तर एकूण दर ३२.९ पर्यंत आणि कृष्णवर्णीयांचा ६९.९ पर्यंत गेला होता. आता शेजारी हा आकडा ठेवा: २०१८ ते २०च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा दर ३३ होता. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे सरळ भागाकार करू नका. पण आरोग्यावर जगात सगळ्यांत जास्त पैसा खर्च करणाऱ्या देशातल्या एका गटाचा दर आपल्या राज्याच्या वर असावा, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तक्ता पुन्हा वरपासून वाचला होता.

अमेरिकेच्या एकूण आकड्यावर वाद आहे, तोही सांगते. इथल्या मृत्यूच्या दाखल्यावर 'गरोदर होती का' असा चौकोन हळूहळू सगळ्या राज्यांनी घातला, आणि मग सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या दाखल्यावरही तिथे चुकून खुणा सापडल्या. त्यामुळे एकूण दर फुगलेला आहे असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण वेगळ्या पद्धतीने मोजलं तरी काळ्या-गोऱ्यांमधली दरी जात नाही.

आता 'जेनेटिक'कडे. तुम्ही ज्या रकान्यात खूण केलीत त्याचाच इतिहास बघा. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिकत्व नाही. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची मोजदाद गोऱ्यांमध्ये झाली. १९८० मध्ये इथल्याच भारतीयांच्या मागणीवरून 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. साठ वर्षांत आपला माणूस गोरा नव्हता, मग गोरा झाला, मग आशियाई झाला. एवढ्यात रक्तात काही बदललं नव्हतं. (नव्याने आलेल्या एका मुलीने 'अमेरिकन इंडियन'वर खूण केलेलीही मी पाहिली आहे. तो रकाना इथल्या मूळनिवासींचा. बिचारीला वाटलं, अमेरिकेत राहणारी इंडियन म्हणजे आपणच. गंमत सोडली तर त्या मूळनिवासी बायकांचे मातामृत्यूही गोऱ्यांच्या दुपटीच्या पुढे आहेत.)

याहून ठोस पुरावा शिकागोच्या रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली मांडला. इलिनॉय राज्यातल्या बाळांची वजनं त्यांनी तपासली. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या आयांची बाळं सरासरी ३४४६ ग्रॅमची. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांची ३०८९ ग्रॅमची. आणि आफ्रिकेतून स्थलांतर करून आलेल्या कृष्णवर्णीय आयांची? ३३३३. म्हणजे गोऱ्यांच्या जवळ. दोष आफ्रिकी जनुकांत असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बायकांची बाळं सगळ्यांत हलकी निघायला हवी होती. पुढे त्यांनी असंही दाखवलं की या स्थलांतरित बायकांच्या इथे जन्मून वाढलेल्या मुलींची बाळं पुन्हा हलकी होत जातात. एका पिढीत जनुकं बदलत नसतात. बदललं ते अंगावरून गेलेलं आयुष्य.

तुमच्या मिस्टरांसाठी मात्र मी तिसरं उदाहरण राखून ठेवलं आहे, कारण ते आपलंच आहे. अमेरिकेत 'एशियन' बायकांचे मातामृत्यू गोऱ्यांपेक्षा कमी. तेच ब्रिटनमध्ये, २०२० ते २२च्या नोंदींत, आशियाई बायकांचा दर गोऱ्या बायकांच्या जवळजवळ दुप्पट होता. ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हणजे मुख्यतः आपल्याच उपखंडातले लोक: भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. उपखंड तोच आणि आकडे उलटे, असं का? कारण अमेरिकेने आपल्याकडून माणसं चाळणी लावून घेतली. पदवी हवी, नोकरी हवी, म्हणजे ओघाने विमा आला. ब्रिटनमध्ये कापडगिरण्यांत आणि भट्ट्यांत काम करायला आलेल्यांच्या मुली-नातीही त्याच रकान्यात आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ जणी आजही गरीब वस्त्यांत राहतात. शिवाय इथल्या रकान्यात चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळेच. तेव्हा १०.७ हा आकडा आपल्या रक्ताच्या गुणापेक्षा व्हिसाच्या नियमांबद्दल जास्त बोलतो.

जनुकांचा काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे ना. पण तो त्वचेच्या रंगाबरोबर जात नाही, मलेरियाच्या प्रदेशाबरोबर जातो. म्हणून तो पश्चिम आफ्रिकेत आहे तसाच गडचिरोलीत आणि नंदुरबारलाही आहे. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी आणि कच्छी लोहाणा समाजात जास्त सापडतात. अशा ठिकाणी मी वंशाचा रकाना बघत बसत नाही, सरळ रक्ताची तपासणी करून घेते. नवऱ्याचीही, गरज पडली तर.

मग कृष्णवर्णीय बायका का मरतात? पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं, गरिबी. ते खरं आहे, पण अपुरं. कॉलेजची पदवी असलेल्या कृष्णवर्णीय बायकांची तुलना पदवीधर गोऱ्या बायकांशी केली तर दरी कमी व्हायला हवी. ती उलट रुंदावते: ५.२ पट. इतकंच नाही, पदवीधर कृष्णवर्णीय बाईचा धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त निघतो. २०१७ च्या जानेवारीत शॅलन आयर्विंग गेल्या. त्या अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या साथरोगतज्ज्ञ होत्या, आरोग्यातली विषमता हाच त्यांचा विषय. बाळ तीन आठवड्यांचं होतं आणि आईचं बीपी चढलेलं होतं. बाळंतपणानंतर त्या पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या होत्या. त्याच वर्षी सेरेना विल्यम्सला सिझेरियननंतर दम लागला. फुप्फुसात आधी गुठळी होऊन गेलेली असल्याने तिला अंदाज आला आणि तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करण्याचं औषध मागितलं. नर्सला आधी वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलते आहे. गुठळ्या निघाल्या.

मिशिगन विद्यापीठाच्या आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये एक कल्पना मांडली. ऊन-पाऊस खाऊन घराचं लाकूड जसं झिजतं तसं रोजच्या अपमानांनी, असुरक्षिततेने शरीर वयाआधी झिजतं. बीपी लवकर चढतं, हृदय लवकर थकतं. त्यामुळे पस्तिशीतली कृष्णवर्णीय बाई बाळंतपणाला येते तेव्हा तिचं शरीर कागदावरच्या वयापेक्षा थोरलं असतं. प्रत्येक तपशिलावर एकमत नसलं तरी ओपीडीत मी जे बघते त्याच्याशी हे जुळतं.

आणखी एक गोष्ट रुक्ष आहे म्हणून तिच्यावर कमी बोललं जातं: बाळंतपण कुठल्या रुग्णालयात होतं. न्यूयॉर्क शहरात एलिझाबेथ हॉवेल यांनी हिशोब मांडला. काळ्या आणि गोऱ्या बायका मुळात वेगवेगळ्या रुग्णालयांत बाळंत होतात, आणि गंभीर गुंतागुंतीतला जवळपास निम्मा फरक त्या रुग्णालयांच्या दर्जातून येतो. उलट बाजूने कॅलिफोर्निया बघा. तिथे २००६ नंतर रुग्णालयांनी एकत्र येऊन साध्या गोष्टी पक्क्या केल्या. रक्त किती गेलं ते डोळ्यांनी न जोखता भिजलेले पॅड तराजूवर ठेवायचे. रक्तस्रावाची औषधं-सामान एका ढकलगाडीवर तयार ठेवायचं. अमुक इतकं रक्त गेलं की तमुक माणसाला बोलवायचं, त्यात 'बघू थोडा वेळ' नाही. २०१३ पर्यंत राज्याचे मातामृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि रक्तस्राव झालेल्यांमध्ये कृष्णवर्णीय बायकांची गुंतागुंत गोऱ्यांपेक्षा जास्त उतरली. मृत्यूंतली दरी मात्र तिथेही मिटलेली नाही. तराजू कुणाची कातडी बघत नाही, हे त्याचं मोठेपण. पण रुग्णालयाबाहेर तराजू नसतो.

आणि उरतं ऐकणं. इथे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री माझी फोनवर ड्युटी. चार दिवसांपूर्वी बाळंत झालेल्या, शाळेत शिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंचा फोन: आडवं झालं की श्वास अडकतो, उशा रचून बसले आहे. मी म्हटलं, नव्या आईला झोप कुठली, दमलात, सकाळी या. त्यांच्या बहिणीने माझं न ऐकता त्यांना रात्रीच इमर्जन्सीत नेलं म्हणून त्या वाचल्या. हृदयाचा स्नायूच कमजोर पडला होता, पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी. उशा रचून झोपावं लागणं हे त्याचं पुस्तकातलं लक्षण आहे, मी परीक्षेत लिहिलेलं. तोच फोन एखाद्या गोऱ्या वकिलीणबाईंचा असता तर मी 'सकाळी या' म्हटलं असतं का? याचं उत्तर मला आजही ठामपणे देता येत नाही, आणि तेच खुपतं.

इथवरचं गोळा करून सांगायचं तर वंशाचा रकाना तुमच्या रक्ताची चाचणी नव्हे. तुम्ही कशा परिस्थितीत वाढलात, कुठल्या रुग्णालयात पोचलात, आणि तिथे तुमचं म्हणणं कुणी मनावर घेतलं का, याचा तो अंदाज आहे. गटासाठी उपयोगी, एका बाईसाठी कच्चा.

आता तुमच्याकडे येऊ. 'एशियन'चा सरासरी आकडा चांगला आहे म्हणून तुम्ही निश्चिंत राहू नका, कारण त्या सरासरीखाली आपल्या तीन-चार गोष्टी झाकल्या जातात.

पहिली शुगर. २०२० मध्ये अमेरिकेत १०० बाळंतपणांत जवळपास ८ जणींना गरोदरपणातला मधुमेह झाला. एशियन रकान्यात तोच आकडा जवळपास १५, आणि त्या रकान्यातही आपण वरच्या टोकाला. कारण समजून घ्यायचं तर पुण्याला जावं लागेल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत नवजात बाळं मोजली होती. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास त्यांच्याइतकी. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ वर नाही, २३ वर धरतात. तुमचा २४ हा गोऱ्या बाईच्या तक्त्यात नॉर्मल आहे, आपल्या तक्त्यात नाही.

तुमचे मिस्टर इथे म्हणतील, "बघा, शेवटी जेनेटिकच!" थांबा. याज्ञिकांचा सगळा भर आईच्या पोषणावर आहे. त्या खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून शेतात राबलेल्या बायकांच्या पोटातल्या बाळांनी जगण्यासाठी जी तडजोड केली, तिची फेड आपण इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पिझ्झा खाऊन करतो आहोत. (तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या.)

तेव्हा तुमच्या डॉक्टरचा सल्ला भेदभाव नाही. वडिलांचा मधुमेह आणि २३च्या वरचा बीएमआय एवढं पुरेसं कारण आहे. चौदाव्या आठवड्यातली तपासणी मुख्यतः आधीपासून असलेला, पण लक्षात न आलेला मधुमेह पकडण्यासाठी असते. त्यापलीकडे इतक्या लवकर तपासून किती फायदा होतो यावर आम्हा लोकांत अजून वाद आहे. आत्ता नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत शुगरच्या तपासणीसाठी ते ग्लुकोजचं गोड पाणी प्यावंच लागेल, त्यातून सुटका नाही.

वंश बघून दिलेला प्रत्येक सल्ला मी असाच उचलून धरते असं नाही. सिझेरियननंतर पुढच्या खेपेला नॉर्मल बाळंतपण होईल का, हे सांगणारं एक गणित इथे वर्षानुवर्षं वापरलं गेलं. त्यात कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक लिहिलं की यशाची शक्यता आपोआप घटायची. मग डॉक्टर म्हणणार, सिझेरियनच करू. झालं, आकडा स्वतःच खरा ठरला! २०२१ मध्ये वंश त्यातून काढला. कृष्णवर्णीय बायकांसाठी हिमोग्लोबिनची रेषाही खाली धरत असत, म्हणजे त्यांचा रक्तक्षय हा रक्तक्षयच नाही. तीही त्याच वर्षी इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सोडली. ब्रिटनमध्ये त्याच साली मसुदा निघाला होता की कृष्णवर्णीय आणि आशियाई बायकांना ३९ आठवड्यांनाच कळा सुरू करण्याचा विचार करावा. ओरड झाली आणि अंतिम नियमांतून ते वाक्य गेलं. माझी स्वतःची कसोटी साधी आहे: वंश बघून मी तुमच्यासाठी एक तपासणी वाढवत असेन तर ठीक, एखादा पर्याय काढून घेत असेन किंवा तुमचं दुखणं कमी लेखत असेन तर मला जाब विचारा.

दुसरी गोष्ट रक्तस्राव. इथल्या २०१७ ते १९च्या मृत्यूंची छाननी झाली तेव्हा कृष्णवर्णीय बायकांत पहिलं कारण हृदयविकार निघालं, गोऱ्या आणि हिस्पॅनिक बायकांत मानसिक आजार (त्यात आत्महत्या आणि नशेचे मृत्यू आले), आणि आशियाई बायकांत रक्तस्राव. आपल्याकडून आलेल्या मुलींत लोहाची कमतरता इतकी सर्रास दिसते की मी सगळ्यांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतेच. हिमोग्लोबिन ११ आहे, चालतंय, असं म्हणून सोडू नका. घरात पैसा शिलकीत नसेल तर अचानक आलेला खर्च झेपत नाही, रक्ताचंही तसंच. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून देता येतं, पण त्यासाठी महिना-दोन महिने हातात हवेत.

तिसरी गोष्ट आपल्या बोलण्याची, खरं तर न बोलण्याची. माझ्या एका मराठी पेशंटला बाळंतपणानंतर आतल्या आत रक्त साकळत होतं. नाडी १३०. नर्स दर तासाला विचारायची, दहापैकी किती दुखतंय? ही सांगायची, तीन. मी मराठीत विचारलं तेव्हा म्हणाली, "खूप दुखतंय हो, पण आठ-नऊ सांगणं बरं दिसत नाही." माझ्या आजीला अभिमान होता की तिच्या कळांचा आवाज कधी ओसरीपर्यंत गेला नाही. त्या ओसरीवर तिला ओळखणारी सुईण बसलेली होती, चेहऱ्यावरून समजून घेणारी. इथे कॉम्प्युटरमध्ये आकडा जातो. तुमचा तीन हा तीनच समजला जाणार. तेव्हा सांगताना थेट सांगा: "हे माझ्यासाठी नेहमीचं नाही. यात सगळ्यांत वाईट काय असू शकतं आणि ते नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?" हे वाक्य मी सगळ्याच वंशांच्या पेशंटना शिकवते. उद्धट वाटत नाही आणि डॉक्टरला विचार करायला लावतं. मलाही लावतं.

बीपीचं एक, कारण तुमचा आठवडा योग्य आहे. पहिलं बाळंतपण हा बीपी चढण्याचा एक मध्यम धोका धरतात. सोबत आई किंवा बहिणीला गरोदरपणात बीपीचा त्रास झालेला असेल, गर्भधारणा आयव्हीएफने असेल, असं आणखी काही असेल, तर रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनबद्दल विचारा. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेलं चांगलं. स्वतःहून घेऊ नका, विचारून घ्या.

आणि शेवटी सव्वा महिना. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना जपायची, जागतिक व्याख्येतला मातामृत्यूही ४२ दिवसांपर्यंतच मोजतात. दोन्ही हिशोब कसे जुळले कोण जाणे. पण इथल्या त्याच छाननीत निम्म्याहून जास्त मृत्यू बाळ आठवड्याचं झाल्यापासून वर्षाचं होईपर्यंतच्या काळात सापडले, आणि १०० पैकी ८० हून जास्त टाळता येण्याजोगे होते. तुमची आई भारतातून येणार असेल तर फारच छान. बाळंतिणीला गरम जेवण आणि झोप मिळणं याला माझ्याकडे पर्यायी औषध नाही. फक्त दोन गोष्टी आईला आधीच सांगून ठेवा. शुगर निघाली तर डिंकाच्या लाडवांचा डबा पाहुण्यांसाठी, आणि ४ ते १२ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करायची आहे. आपल्या मुली नेमकी तीच चुकवतात. दुसरं, 'आम्हालाही पाय सुजायचे' हे वाक्य बंद. डोकेदुखी थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, आडवं झाल्यावर दम लागत असेल, एकच पाय दुखून सुजला असेल, तासाला एक पॅड भिजत असेल, मन इतकं उदास असेल की बाळाकडे बघवत नाही, यातलं काहीही झालं तर फोन. इमर्जन्सीत गेलात तर दारातच सांगा की मी अमुक आठवड्यांपूर्वी बाळंत झाले. बाळ सोबत नसेल तर समोरच्याला ते दिसत नाही.

घरी बीपी मोजायचं मशीन आत्ताच आणा. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन, १६०/११० ला फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सी. मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आणि पुढच्या भेटीला जाताना ते पिशवीत टाकून न्या, दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा. माझ्या कितीतरी पेशंटची मशिन्स दहा-पंधरा अंकांनी खोटं बोलत होती.